परसातली करडं आणि कोंबडीची पिल्लं: आधी जागा कोरडी करा, औषधाचं मग बघू

दादा, तुमचं विचारणं असं की परसात चार-पाच गुंठे जागा आहे, दोन उस्मानाबादी शेळ्या व्याल्यात, एकीला दोन आणि एकीला तीन करडं, त्यातलं तिसरं हगवणीने मलूल पडलंय. शिवाय हॅचरीतून आणलेली २५ पिल्लं पहिल्याच आठवड्यात एकेक करून मरायला लागलीत. सगळे एकाच पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, तर कोणतं औषध द्यावं आणि शेळ्या-कोंबड्या एकत्र ठेवलेल्या चालतात का. मी तुळजापूरच्या बाजूला पशुसखी, म्हणजे गावात जनावरांची प्राथमिक काळजी बघणारी, म्हणून काम करते, घरी शेळ्या-कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत, त्यामुळे जे रोज बघते तेच लिहिते. लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी त्या तिसऱ्या करडाचं, कारण त्याला वेळ नाही. हात धुवा आणि त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड आतून गरम लागलं आणि ते बोट चोखायला बघतंय तर सावरेल. तोंड गार लागलं तर त्याला दूध अजिबात पाजू नका, सगळे इथेच चुकतात, करडू मलूल दिसलं की बाटली घेऊन धावतात. अंग गार पडलेल्या करडाचं पोट चालत नाही, दूध तसंच आत पडून राहतं, पोट फुगतं आणि जे जगलं असतं तेही जातं. आधी ऊब. कोरड्या गोणपाटाने खसाखसा पुसा, गोधडीत गुंडाळा, दोन बाटल्यांत गरम पाणी भरून त्या कापडात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. थर्मामीटर असेल तर शेपटीखाली लावून बघा, करडाचं अंग १०२-१०३ फॅरनहाइट असायला पाहिजे, १०० च्या खाली असेल तर ते गारठलंय असं समजा. तोंड गरम झालं, मान धरायला लागलं की मग पाजायचं.

पाजायचं काय? एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, किंवा मेडिकलमधली ओआरएसची पुडी. ५०-१०० मिली एका वेळी, दिवसातून चार-पाचदा, आणि मधे मधे आईचं दूध थोडं थोडं. दूध पूर्ण तोडू नका, जीव कशावर धरणार ते. बाटलीने पाजताना डोकं वर आभाळाकडे करू नका, तोंड डोळ्याच्या रेषेपेक्षा वर गेलं की ठसका लागतो, दूध फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनियाने करडू जातं, आणि लोक म्हणतात हगवणीने गेलं.

आणि हगवण कसली आहे ते बघा ना. पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी-पिवळी, शेपटीला चिकटणारी असेल तर बहुतेक वेळा एकदम जास्त दूध, घाण कास किंवा ओली जमीन. तीन आठवड्यांच्या पुढे काळपट, रक्ताची, करडू कुंथतंय, पाठ वाकवून उभं राहतंय, तर ती रक्ती हगवण, कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची. याला जंताचं औषध चालत नाही. दुकानातून जंताची बाटली आणून पाजतात, करडू तसंच राहतं आणि चार दिवस फुकट जातात. त्याच्या लेंड्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, औषध वेगळं असतं आणि ते वजनावर ठरतं. दवाखाना लांब असेल तर १९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा तो नंबर आहे, पैसे लागत नाहीत त्या फोनला.

आता मूळ गोष्ट. तुम्ही औषध विचारलंत, पण तुमच्याकडची करडं नि पिल्लं दोन्ही एकाच कारणाने जातायत असं मला वाटतं, ओल आणि गारठा. पत्र्याचं शेड, खाली माती, मधे शेळ्यांचं मूत, रात्री पत्र्यातून घाम टपकतो. तुम्ही उभे राहून बघता तेव्हा काही कळत नाही. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन जिथे करडं बसतात तिथे गुडघा टेका आणि दहा-पंधरा सेकंद तसेच रहा, कापड ओलं झालं तर करडू रात्रभर त्या ओलीवर बसतंय. आणि मग खाली वाका, करडाच्या नाकाच्या उंचीवर नाक आणा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले, अमोनियाचा वास आला तर तीच हवा ते चोवीस तास घेतंय. त्या फुफ्फुसाला कोणतं औषध पुरणार? हे दोन्ही करून बघा, खरंच करा.

मुरूम टाकून जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करा, उतार बाहेरच्या बाजूला द्या. करडांसाठी वेगळा कप्पा, जमिनीपासून फूटभर उंच लाकडी फळ्यांचा मचाण केला तर सगळ्यात भारी, फळ्यांत बोटभरापेक्षा कमी फट, नाहीतर पाय अडकून मोडतो. मचाण जमत नसेल तर सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट वीतभर पसरा, रोज ओलं उचला, आठवड्यातून एकदा सगळं काढून चुन्याची फक्की मारा आणि जमीन वाळू द्या. वारं अंगावर नको पण वरून हवा खेळली पाहिजे, म्हणजे खालचे तीन फूट बंद आणि वरचं उघडं जाळीचं. बरेच जण थंडी लागते म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावून वरपर्यंत गच्च बंद करतात, त्याने थंडीपेक्षा जास्त करडं मरतात.

पुढच्या वेताला एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून करा, चीक. आपल्याकडे अजूनही किती घरांत वार (जार) पडेपर्यंत चीक पाजत नाहीत, आधी वार मग चीक असं म्हातारी माणसं सांगतात. त्यांचा मान ठेवून सांगते, हे उलटं आहे. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक शक्ती मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते, आणि करडाचं आतडं ती शोषून घेतं ते साधारण पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिले पाच-सहा तास सगळ्यात मोलाचे, नंतर ते दार बंद होतं. म्हणजे व्याल्यावर अर्ध्या-एक तासात पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि पहिल्या चोवीस तासांत करडाच्या वजनाचा दहावा हिस्सा. दोन किलोचं करडू असेल तर २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. आणि करडू सडाला लागलं की शेळीचं गर्भाशय आकसतं, वार उलट लवकर पडते. साधारण आठ तासांत वार पडते, बारा तास झाले तरी नाही पडली तर डॉक्टर बोलवा, पण दगड बांधून किंवा हाताने ओढू नका.

चीक पाजायच्या आधी कोमट पाण्याने कास धुवा आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा बाहेर काढा, सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो, अशक्त करडाला तो ओढून निघत नाही, आई चाटतेय, करडू सडाशी आहे, आपल्याला वाटतं पितंय, आणि पोटात काहीच जात नाही. पोटाला हात लावून बघा, भरलेलं लागतं का. नाळ दोन बोटं ठेवून स्वच्छ ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, दोन-तीन दिवस रोज लावा. नाळेतून जंतू शिरला की महिन्याभराने गुडघे सुजतात आणि करडू लंगडतं, तेव्हा कुणाला नाळ आठवत नाही.

जास्तीचा चीक निघाला तर छोट्या बाटल्यांत फ्रीझरमध्ये ठेवा, वर्षभरात कुणाची शेळी व्यायल्यावर मेली किंवा तिला दूधच नाही आलं तर त्या करडाचा जीव त्याच्यावर वाचतो. फक्त तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा, गॅसवर उकळलात तर त्याचा खरवस होईल आणि त्यातलं सगळं सत्त्व जाईल.

तुमच्या तिळ्यांचं म्हणाल तर शेळीला सड दोनच, तीन करडं म्हटल्यावर दांडगी दोघं कायम सडाला आणि तिसरं मागे. तिसऱ्याला आईपासून वेगळं करू नका, पण सकाळ-संध्याकाळ बाकीच्या दोघांना बाहेर काढून आधी याला पाजा, आणि कमी पडेल ते बाटलीने. दिवसाला वजनाच्या दहा टक्के दूध, पहिले दोन आठवडे चार वेळा, मग तीन, मग दोन. एकदम पोटभर पाजून मोकळं व्हायचं नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा घ्या आणि आठवड्याला पिशवीत बसवून वजन करा. आठवड्याला अर्धा किलो तरी वाढलं पाहिजे, एक आठवडा वजन थांबलं की करडू आजारी पडायच्या आधी तुम्हाला कळतं, हा काटा माझ्या अनुभवात कोणत्याही टॉनिकपेक्षा जास्त करडं वाचवतो.

दोन आठवड्यांपासून करडांच्या नाकाच्या उंचीवर शेवरी, हादगा किंवा लसूणघासाची छोटी पेंढी टांगा. खाली टाकू नका, तुडवलेलं नि मुतलेलं खाल्लं की पुन्हा तीच हगवण. सुरुवातीला नुसतं चघळतील, चघळू द्या, पाल्यानेच पोटाचा तो रवंथाचा कप्पा तयार होतो. सुबाभूळ सगळीकडे फुकट मिळते म्हणून नुसती तीच घालू नका, तिच्यात मायमोसीन नावाचं विषारी द्रव्य असतं, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आणि ज्वारीचे कोवळे पोंगे, पाऊस ओढला की त्यात विष वाढतं, किरळ लागते म्हणजे विषबाधा होते, त्या रानात करडं काय नि शेळ्या काय सोडायच्याच नाहीत. करडं माती-भिंत चाटत असतील तर क्षाराची चाटण वीट टांगा आणि महिन्याचं झालं की वजनावर जंताचं औषध. दूध तोडायचं ते अडीच-तीन महिन्यांनी, हळूहळू.

आता पिल्लं. पहिल्या आठवड्यात पिल्लू मरतं ते नव्वद टक्के गारठ्याने, हे माझं मत आहे पण बघून बघून झालेलं आहे. अंड्यातला पिवळा बलक पोटात असतो म्हणून हॅचरीतून दोन दिवसांचा प्रवास ते करू शकतं, पण ऊब त्याला स्वतःची नसते. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत, ३५ सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. २५ पिल्लांना पिवळा फिलामेंटचा ६० वॅटचा एक बल्ब डालग्यात टांगला तर पुरतो, एलईडी लावून उपयोग नाही, तो उजेड देतो ऊब देत नाही, आणि तुम्ही कदाचित तोच लावलाय. पिल्लं यायच्या तीन-चार तास आधी बल्ब चालू करून जागा तापवून ठेवा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिव करतायत तर थंडी, बल्बपासून लांब चोच उघडून बसलीत तर उकाडा, सगळीकडे पसरून खातायत तर बरोबर. रात्री दहाला आणि पहाटे चारला जाऊन बघा, दुपारी बघून काय कळणार.

जागा गोल करा, पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा कडा लावून. कोपरा असला की सगळी त्यात घुसतात आणि खालची गुदमरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिले दोन दिवस पेपर, पण नुसता गुळगुळीत पेपर आठवडाभर ठेवला तर पाय फाकतात ते पुन्हा जवळ येत नाहीत. आल्याबरोबर आधी कोमट गूळपाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवा, तासा-दोन तासांनी पेपरवर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यात बसतं, भिजतं आणि गारठतं. मागे घाण चिकटून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने सोडवा, ओढून काढू नका. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं, खाद्य स्वस्तात मिळतंय म्हणून पिल्लांना घालू नका, त्यात अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, पिल्लांची किडनी जाते.

लाइट जाते ना आमच्यासारखीच? मग गरम पाण्याचा डबा गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, एका रात्रीत सगळी जातात. आणि एवढं सगळं करण्यापेक्षा घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी असेल तर देवच पावला म्हणायचं, रात्री अंधारात एक दिवसाची दहा-बारा पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा, सकाळी बहुतेक वेळा ती आपलीच म्हणून घेते. नाही घेतलं, टोचायला लागली तर लगेच काढा. परसातल्या माणसाला कोणतं ब्रूडर घ्यावं असं कुणी विचारलं तर मी आधी गावरान खुडूक कोंबडीच सांगते. दारावर विकायला येतात ती रंगवलेली पिल्लं मात्र घेऊ नका, लेअर हॅचरीतले नको असलेले नर असतात ते, लेकरांच्या हौसेपायी आणतात आणि तीन दिवसांत लेकरं रडत बसतात.

लसीत आपली छोट्या लोकांची अडचण वेगळीच आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची, गंबोरो या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची लस दोन आठवड्यांच्या आसपास, लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात, देवीची सहा-आठ आठवड्यांत आणि मग मोठ्या पिल्लांना द्यायची राणीखेतची लस. पण कुपी मिळते शंभर-दोनशे डोसची, आपल्याकडे पिल्लं २५, आणि कालवलेली लस बर्फावर ठेवून तास-दोन तासांत संपवावी लागते, उद्याला उरत नाही. म्हणून गल्लीतल्या सात-आठ घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणा, एक कुपी, एक थर्मास, एकाच संध्याकाळी सगळ्यांची लस. आमच्या बायका असंच करतात. मानमोडी आली की औषध नाही, खुराडंच्या खुराडं रिकामं होतं, आणि आजारी कोंबडी घाईने बाजारात विकायची नाही, त्याने शेजारच्या गावात रोग जातो. बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धनवाल्यांना कळवा.

आता तुमचा एकत्र ठेवायचा प्रश्न. दिवसा परस एक असू द्या, रात्री छप्पर वेगळं. दिवसा कोंबड्या गोचीड टिपतात, लेंड्या उकरून अळ्या खातात, माश्या कमी होतात, हे चांगलंच आहे. एकमेकांची रक्ती हगवण लागते असं लोक सांगतात ते खरं नाही, कोंबडीचा कॉक्सिडिया वेगळा आणि शेळीचा वेगळा. पण साल्मोनेला दोघांना होतो, आणि कोंबड्या रात्री गव्हाणीच्या काठावर बसल्या की त्यांची विष्ठा चाऱ्यात नि पाण्यात पडते, शेळ्या तो चारा सोडतात आणि करडं खातात.

त्याहून मोठी भीती कोंबडीच्या खाद्याची. मका-भरडा शेळीला फार आवडतो. खुराड्याचं दार उघडं राहिलं, शेळीने दोन-तीन किलो खाल्लं की पोटात आम्ल होतं, पोट गच्च, दात खाते, पडून राहते. करडांत तेच आंत्रविषाराचं, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याचं, निमित्त होतं, आणि तो रोग नेमका सगळ्यात तगडं, सगळ्यात जास्त दूध पिणारं करडू नेतो, संध्याकाळी उड्या मारत होतं आणि सकाळी मान मागे टाकून मेलेलं, उपचाराला वेळच मिळत नाही. दृष्ट लागली म्हणतात घरोघर. आंत्रविषाराची लस करडाला तीन महिन्यांत, बूस्टर दोन-तीन आठवड्यांनी, मग दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्या कोवळ्या गवताच्या आधी. शेळीला व्यायच्या महिनाभर आधी दिली तर चिकातून करडालाही मिळते. पीपीआर, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस, तीन-चार महिन्यांनंतर, ती तीन वर्षं पुरते. म्हणून कोंबड्यांना खुराड्याच्या आतच सकाळी-संध्याकाळी खायला द्या, खाऊन झालं की भांडं उचला, पोतं पत्र्याच्या डब्यात. खुराड्याच्या आठ इंची दारातून शेळी जात नाही पण पंधरा दिवसांचं करडू आरामात जातं, हे विसरू नका. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत शेळ्यांच्या पायात सोडूच नका.

खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, षटकोनी पातळ जाळी मुंगूस आणि मांजर फाडतात, जाळी जमिनीत वीतभर गाडा. दर मोठ्या कोंबडीला दीड-दोन चौरस फूट, शेळीला दहा-बारा, करडाला चार-पाच, त्यापेक्षा दाटी केली तर कितीही स्वच्छता ठेवा, पुरत नाही.

पुढच्या खेपेला शेळ्या मे-जूनमध्ये लावा, पाच महिने धरले तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वितील, तेव्हा जमीन वाळलेली असते आणि पाला भरपूर. भर पावसात जन्मलेली करडं जगवणं दुप्पट कष्टाचं आहे. पिल्लं ऐन थंडीत आणू नका, फेब्रुवारी-मार्चला आणा. आणि या पाचांत नर असतील तर तीन-साडेतीन महिन्यांत पाठींपासून, म्हणजे लहान माद्यांपासून, वेगळे करा किंवा त्याआधी डॉक्टरांकडून चिमट्याने खच्ची करून घ्या, चौथ्या महिन्यात बोकड माजाला लागतो आणि लहान पाठ गाभण राहिली की तिची वाढ तिथेच थांबते.

आज रात्री करडाचं तोंड गरम आहे का, शेण कोणत्या रंगाचं आहे आणि बल्ब कोणता लावलाय एवढ्या तीन गोष्टी कळवा, पुढचं त्यावर सांगते.